कोलखोझमधील संसार

सोव्हिएट संघ १९९१ मध्यें लयास गेला. त्यापूर्वीं त्याच्या वकिलातीकडून निघणारीं सचित्र मासिकें आपल्याकडील पुष्कळ घरीं येत असत. कागद गुळगुळीत आणि वर्गणी नांवापुरती. त्यामुळें मुलांच्या वह्यापुस्तकांस कव्हरें घालण्यास तीं फार सोयीचीं पडत. त्या कव्हरांवर एक चित्र हटकून दिसे: क्षितिजापर्यंत पसरलेला गहू, त्यांतून रांगेनें चाललेलीं यंत्रें, आणि डोक्यास फुलाफुलांचा रुमाल बांधलेली हंसतमुख शेतकरीण. खालीं कोणत्या तरी कोलखोझचें नांव असे. कोलखोझ म्हणजे सामुदायिक शेत. हा शब्द अशा रीतीनें आपल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांखालून गेला. परंतु त्या रुमालवाल्या बाईच्या गोठ्यांत काय होतें, आणि वर्षअखेर तिच्या कणगींत काय पडत होतें, हें त्या कव्हरांवरून कळण्यासारखें नव्हतें. सोव्हिएट दप्तरखाने उघडल्यानंतर त्याविषयीं पुष्कळ माहिती बाहेर आली आहे. तींतील घरासंसाराचा भाग तेवढा वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे. राजकारणाची चर्चा जेथें टळण्यासारखी नाहीं, तेथेंच ती करूं.

रशियांतील भूदासांची सुटका १८६१ सालीं झाली. त्यापूर्वीं शेतकरी जमिनीला बांधलेला असे. धनी त्याला विकूं शके, फटके मारूं शके. सुटकेनंतरही चांगली जमीन बरीचशी जमीनदारांकडेच राहिली, आणि ती १९१७ च्या क्रांतींत शेतकऱ्यांनीं वांटून घेतली. यादवी युद्धाच्या काळांत बोल्शेव्हिकांनीं सक्तीनें धान्य नेलें. पण १९२१ मध्यें लेनिननें ती वसुली थांबवून ठराविक कर घेण्याचें धोरण स्वीकारलें, आणि पुढील सहा-सात वर्षें तेथील खेड्यानें जरा स्वस्थपणें घांस खाल्ला. शेतकरी कुटुंबें सुमारें अडीच कोटी होतीं. घर लांकडी ओंडक्यांचें. युक्रेनमध्यें मातीचें व चुन्यानें पांढरें केलेलें. आंत भली मोठी बांधीव चूल, तिच्या माथ्यावर थंडींत म्हातारीं माणसें व मुलें निजत. एका कोपऱ्यांत देवाच्या तसबिरी व त्यांपुढें दिवा. बाहेर एखादा घोडा, एक-दोन गाई, डुकरें, कोंबड्या, आणि परसांत कोबी व बटाटे. खळें झाल्यावर धान्य घरच्या कोठारांत पडे, आणि त्यांतून बियाण्यास किती ठेवावयाचें, खावयास किती, बाजारांत किती न्यावयाचें, हें घरचीं वडील माणसें ठरवीत. हा अधिकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें जें घडलें तें सारें त्याच्यासाठींच घडलें.

सरकारला शहरें पोसावयाचीं होतीं, आणि कारखान्यांसाठीं परदेशची यंत्रसामुग्री हवी होती. ती घ्यावयाची तर विकण्यासारखें मुख्य द्रव्य धान्यच. १९२७ च्या हंगामांत सरकारी भाव इतका कमी होता कीं, शेतकऱ्यांनीं धान्य घरांत ठेवणेंच पसंत केलें. ज्या मालाला भाव नाहीं तो माल कोणताही संसारी मनुष्य जपूनच ठेवील. त्यांत कट कसला आला? परंतु मॉस्कोस तो कट दिसला. १९२८ च्या जानेवारींत स्टॅलिन स्वतः सैबेरियांत गेला, आणि कोठारें फोडून धान्य काढण्याचा मार्ग पुन्हां सुरू झाला. मात्र अडीच कोटी कोठारें दरसाल फोडीत बसण्यापेक्षां एका गांवचें एकच कोठार असावें, आणि त्याची किल्ली सरकारच्या माणसाजवळ असावी, हें कितीतरी सोपें होतें. आमच्या मतें सामुदायिक शेतीच्या घाईचें खरें कारण हेंच होय. ट्रॅक्टर, शास्त्रीय शेती, समता हीं सारीं कारणें सांगितलीं गेलीं, आणि सांगणाऱ्यांतील कित्येकांचा त्यांवर मनापासून विश्वासही होता. परंतु १९३० मध्यें पुष्कळ गांवें ट्रॅक्टर दृष्टीस पडण्यापूर्वींच ‘सामुदायिक’ झालेलीं होतीं.

१९२९ च्या नोव्हेंबरांत स्टॅलिननें ‘प्रवदा’ पत्रांत लेख लिहून तें वर्ष महान् परिवर्तनाचें असल्याचें जाहीर केलें. डिसेंबर संपण्याच्या आंत ‘कुलक’ वर्गाचा निःपात करण्याची घोषणा झाली. कुलक या शब्दाचा मूळ अर्थ मूठ. गांवच्या सावकारास, मूठ आवळून बसणाऱ्यास, तो शब्द लावीत. आतां तो कोणालाही लागूं लागला. दोन गाई, पत्र्याचें छप्पर, सुगींत ठेवलेला एक गडी, यांपैकीं कांहींही पुरे होई. आणि यांपैकीं कांहींच नसलें तर ‘कुलकांचा हस्तक’ असा दुसरा शब्द तयार होताच. जिल्ह्याजिल्ह्याला किती कुटुंबें काढावयाचीं याचा आंकडा वरून येई. १९३० व १९३१ या दोन वर्षांत सुमारें १८ लाख माणसें, म्हातारीं-कोतारीं व पाळण्यांतलीं मुलें धरून, उत्तरेकडील अरण्यांत, उरल पर्वतांत, सैबेरियांत व कझाकस्तानांत नेऊन सोडण्यांत आलीं. त्यांच्या घरांतलीं भांडींकुंडीं, अंथरुणें, मुलांचे बूट यांचे लिलांव गांवांतच होत, आणि घेणारेही गांवचेच असत.

उरलेल्यांनीं कोलखोझमध्यें यावयाचें, तें जमीन, नांगर, घोडा आणि गाय घेऊन. येथें मात्र बायका पुढें सरल्या. घोडा पुरुषाचा, गाय घरच्या लक्ष्मीची. तिच्या दुधावर लहान मुलें वाढत, तिच्या लोण्यावर मीठ-काडेपेटी येई. शहरांतून पंचवीस हजार कामगार ही व्यवस्था बसविण्यासाठीं खेड्यांत पाठविले होते, आणि त्यांतील बहुतेकांना गाईची धार कशी काढतात हेंही ठाऊक नव्हतें. अशा माणसानें सभेंत उभें राहून सांगावें कीं, उद्यांपासून सर्व गाई एका गोठ्यांत! गांवोगांव अफवा उठल्या: सर्वांना एकाच लांबलचक पांघरुणाखालीं निजवणार, मुलें काढून नेणार. आज त्या वाचून हंसूं येतें. पण ज्यांच्या देवळाची घंटा नुकतीच खालीं उतरवून वितळवावयास नेली होती, त्यांना अशक्य असें कांहींच वाटत नव्हतें. बायका जमावानें कोलखोझच्या गोठ्यावर जात, दोर सोडीत आणि आपापली गाय घरीं हांकून आणीत. पुरुष मागें उभे राहात, कारण पुरुषावर गोळी लवकर चाले. खुद्द गुप्त पोलिसांच्या नोंदींप्रमाणें १९३० सालीं १३ हजारांहून अधिक दंगे झाले, व त्यांपैकीं सुमारें ३,७०० मुख्यतः बायकांचे होते.

ज्यांना दंगा करतां आला नाहीं, त्यांनीं निराळा मार्ग धरला. परक्याच्या दावणीस बांधण्यापेक्षां आपल्या हातानें कापलेली बरी, असें म्हणून त्यांनीं जनावरें मारलीं. स्टॅलिननें १९३४ च्या पक्षपरिषदेंत स्वतःच जे आंकडे दिले, त्यांवरून १९२९ मध्यें ३ कोटि ४० लाख असलेले घोडे १९३३ मध्यें १ कोटि ६६ लाख उरले. गाई-बैल ६ कोटि ८० लाखांचे ३ कोटि ८६ लाखांवर आले. मेंढ्याबकऱ्यांची संख्या तर एक तृतीयांश राहिली. ज्या देशांत नांगर घोडा ओढतो, तेथें अर्धे घोडे गेले म्हणजे काय झालें, हें शेतीशीं संबंध असलेल्या वाचकास फोड करून सांगावयास नको.

२ मार्च १९३० रोजीं ‘प्रवदा’त स्टॅलिनचा दुसरा लेख आला. यशानें माणसांस भोंवळ आली आहे, असा त्याचा मथळा होता, आणि दोष सारा खालच्या अधिकाऱ्यांवर टाकला होता. त्या वेळीं निम्म्याहून अधिक कुटुंबें कोलखोझमध्यें घातल्याचें कागदावर होतें. उन्हाळ्यापर्यंत तीं पावभरच राहिलीं. लोकांनीं तें वर्तमानपत्र जपून ठेवलें आणि अधिकाऱ्यांच्या नाकापुढें धरलें. पुढच्याच वर्षीं सक्ती पुन्हां आली, आणि हलके हलके बहुतेक सारे आंत ओढले गेले. परंतु बायकांच्या त्या दांडगाईनें एक गोष्ट कायमची मिळविली. घरामागचा परस आणि एक गाय घरचीच राहील, हें सरकारनें मान्य केलें.

त्यानंतर दुष्काळ आला. अथवा आणला गेला, असेंही म्हणतां येईल. १९३१ मध्यें सुमारें ५० लाख टन धान्य परदेशीं विकलें गेलें. १९३२ चें पीक कमी आलें, तरी वसुलीचा आंकडा त्या मानानें उतरला नाहीं. ७ ऑगस्ट १९३२ रोजीं एक कायदा झाला: कोलखोझची मालमत्ता चोरणारास गोळी घालावी, अथवा कांहीं सौम्य कारण असल्यास दहा वर्षें कैद द्यावी. लोक त्यास ‘कणसांचा कायदा’ म्हणत. कारण कापणी झालेल्या शेतांतील चार कणसें वेंचणारी बाईही त्याच्या कचाट्यांत सांपडे. पहिल्या पांच महिन्यांतच ५० हजारांहून अधिक माणसांस त्याखालीं शिक्षा झाल्या. आपल्याकडे सरवा वेंचण्याचा हक्क गरिबाचा, असें खेड्यांतील लहान मूलही जाणतें.

हिवाळ्यांत धान्य शोधणाऱ्या टोळ्या घरोघर फिरूं लागल्या. हातांत लोखंडी सळया. जमीन, चूल, गवताची गंजी, पाळणा, सर्वत्र त्या खुपसून पाहात. टोळींत शहरचा मनुष्य एखादाच असे. बाकीचे शेजारीपाजारी, आणि सांपडलेल्या धान्याचा वांटा मिळेल या आशेनें आलेलेही त्यांत असत. या साऱ्या कथेंतील आम्हांस सर्वांत भयंकर वाटणारा भाग हा आहे. ज्या गांवची वसुली पुरी होत नसे त्याचें नांव काळ्या फळ्यावर चढे. मग तेथें मीठ, रॉकेल, काड्या, कांहीं येत नसे. २२ जानेवारी १९३३ रोजीं हुकूम सुटला कीं, युक्रेन व कुबान येथील शेतकऱ्यांना बाहेर जाऊं देऊं नये. आगगाडीचीं तिकिटें बंद झालीं आणि वाटेवरून माणसें परत हाकलण्यांत आलीं. लोकांनीं झाडांच्या साली खाल्ल्या, ओकचीं फळें दळलीं, गवत शिजवलें. शहरांत ‘तोर्गसिन’ नांवाचीं सरकारी दुकानें होतीं. तेथें सोनें-रुपें दिलें म्हणजे पीठ मिळे. कितीएक बायकांनीं लग्नाची अंगठी, गळ्यांतला क्रूस, आईचीं कर्णभूषणें तेथील तराजूंत टाकून मुलांसाठीं पिठाची पिशवी नेली. आमच्या भगिनींस यापुढें कांहीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. निर्यात घटली, पण त्या महिन्यांतही ती बंद पडली नाहीं. १८७७ च्या दुष्काळांत दख्खन उपाशी असतां गहू विलायतेस जातच होता, याची कोणास आठवण झाल्यास नवल नाहीं. मात्र तें राज्य परक्यांचें होतें.

युक्रेनमध्यें या दुष्काळांत ३५ ते ३९ लाख माणसें मेलीं, असें आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. कझाकस्तानांत गुरें हिरावून घेतलेल्या भटक्या पशुपालकांची दशा प्रमाणानें याहूनही वाईट झाली. तेथें सुमारें १५ लाख गेलीं. कुबान, डॉन व व्होल्गाकांठचीं गांवें निराळींच. १९३७ च्या खानेसुमारींत माणसें अपेक्षेपेक्षां फार कमी भरलीं, तेव्हां ती खानेसुमारीच दडपण्यांत आली आणि ती करणारे प्रमुख अधिकारी पकडले गेले.

हें कोणास ठाऊक नव्हतें काय? डॉनकांठचा प्रसिद्ध कादंबरीकार शोलोखोव्ह, ज्यास पुढें १९६५ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यानें १९३२ मध्यें कोलखोझची बाजू घेणारी कादंबरी प्रसिद्ध केली होती. त्याच गृहस्थानें १९३३ च्या एप्रिलमध्यें स्टॅलिनला सविस्तर पत्र लिहून आपल्या जिल्ह्यांत वसुलीसाठीं काय काय चाललें आहे तें कळविलें. कुटुंबेंच्या कुटुंबें हिंवांत घराबाहेर काढलीं होतीं आणि त्यांस आसरा देण्याची शेजाऱ्यांस मनाई होती. स्टॅलिननें त्या जिल्ह्यास धान्य धाडलें, आणि उत्तरांत लिहिलें कीं, तुमचे हे सन्मान्य शेतकरी सोव्हिएट सत्तेविरुद्ध मुकाट्यानें युद्ध करीत आहेत. गॅरेथ जोन्स या वेल्श बातमीदारानें त्याच मार्चमध्यें युक्रेनमधील खेडीं पायीं फिरून पाहिलीं व बर्लिनला जाऊन दुष्काळाची हकीकत जाहीर केली. दोनच दिवसांनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ड्युरँटी या बातमीदारानें ती खोटी ठरविली. फ्रान्सचे माजी पंतप्रधान एर्रिओ त्याच वर्षीं उन्हाळा संपतां संपतां युक्रेनमध्यें आले, आणि आपण बहरलेला बाग पाहिला असें सांगत परत गेले. पाहुण्याला दाखवावयाचें तेवढेंच दाखविण्याची कला त्या राज्यास चांगली साधली होती. रवींद्रनाथ ठाकूर १९३० च्या सप्टेंबरांत मॉस्कोस गेले होते. तेथील शिक्षणप्रसारानें ते भारावले, आणि तें साहजिक होतें. निरक्षर शेतकऱ्याला तेथें अक्षरें शिकविलीं जात होतीं, हें खरेंच आहे. परंतु निघतांना ‘इझ्वेस्तिया’स दिलेल्या मुलाखतींत त्यांनीं द्वेष व सूड शिकविण्याच्या धोक्याचाही इशारा दिला. ती मुलाखत त्या पत्रांत १९८८ पर्यंत छापली गेली नाहीं.

आतां दुष्काळानंतरच्या, म्हणजे ‘सुरळीत’ काळांतल्या कोलखोझकडे वळूं. कागदावर ती सहकारी संस्था होती: सभासदांची सभा, सभेनें निवडलेला अध्यक्ष, नफ्याची वांटणी. प्रत्यक्षांत अध्यक्षाचें नांव जिल्ह्याच्या पक्षकचेरींतून येई आणि सभा हात वर करी. (१९५९ सालीं काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनानें संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला, तेव्हां चरणसिंग यांनीं त्यास विरोध केला व राजगोपालाचारी, मसानी प्रभृतींनीं त्याच वर्षीं स्वतंत्र पक्ष काढला, त्या वादांत कोलखोझचा दाखला वारंवार निघे. प्रवरानगरच्या साखर कारखान्यासारख्या आपल्याकडील सहकारी संस्थांत ऊंस एकत्र आला, पण जमीन ज्याची त्याच्याकडेच राहिली. दोहोंस एकच ‘सहकार’ हा शब्द लावणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं.)

सकाळीं गांवांत टांगलेल्या लोखंडी रुळावर ठोके पडत. मग बिगारी वांटून देणारा मुकादम, त्यास तेथें ब्रिगेडियर म्हणत, कोणी कोठें जावयाचें तें सांगे. मजुरी पैशांत नव्हती, दिवसांतही नव्हती. ती ‘कामदिवसां’त होती. राखणदारीचा एक दिवस म्हणजे अर्धा कामदिवस, ट्रॅक्टर हांकण्याचा एक दिवस म्हणजे दोन किंवा अधिक. वहींत नांवापुढें एक उभी रेघ ओढली कीं दिवस संपला. ‘रेघेसाठीं राबणें’ असा तेथें वाक्प्रचारच पडला. रेघेचें मोल वर्षअखेर ठरे. प्रथम सरकारची सक्तीची वसुली, तीही नाममात्र भावानें, मग सरकारी यंत्र-ट्रॅक्टर केंद्राचें नांगरणीबद्दलचें धान्य, कारण ट्रॅक्टर कोलखोझच्या मालकीचे नसत, मग बियाणें, मग वैरण. हें सारें वजा जातां जें उरेल, त्याला एकंदर रेघांनीं भागावयाचें. कांहीं गांवांत कांहीं वर्षीं उरे तें मुठींनीं मोजण्याइतकें. कोठें कांहींच उरत नसे. पूर्वीं घरचीं माणसें पहिल्यानें आपलें खाणें बाजूस ठेवीत. आतां पिकविणाऱ्या घराचा नंबर रांगेंत शेवटचा लागला. शेतकरी आपसांत या पद्धतीस दुसरी भूदासगिरी म्हणत.

मग कुटुंबें जगलीं कशावर? परसावर. १९३५ च्या नमुना नियमावलीनें घरटीं सुमारें अर्ध्यापासून सव्वा एकरापर्यंत जागा, एक गाय, दोन वासरें, एखाद-दुसरी डुकरीण, दहापर्यंत शेळ्यामेंढ्या आणि हव्या तितक्या कोंबड्या ठेवण्याची मुभा दिली. ही बायकांनीं दोर सोडून मिळविलेली जमीन. कोलखोझचें काम आटोपून आलेली बाई संध्याकाळीं बटाट्याच्या सऱ्यांत वांके, पहांटे धार काढी, आणि आठवड्याच्या बाजारीं दूध-अंडीं घेऊन जाई. १९६० च्या सुमारासही पेरणीखालील जमिनीचा अगदीं थोडा, शेंकडा चारांच्या आसपास, भाग असलेल्या या परसांतून देशांतील निम्म्याहून अधिक बटाटे, त्याहूनही मोठ्या प्रमाणांत अंडीं, आणि दूध व मांस जवळजवळ निम्में येई. सरकारचा डोळा अर्थातच तेथेंही होता. दूध, मांस, अंडीं यांची वसुली घरटीं ठरलेली असे. कोंबड्या नसल्या तर अंडीं विकत घेऊन भरावीं लागत. महायुद्धानंतर फळझाडांवर कर वाढला, तेव्हां लोकांनीं आपल्या हातानें लावलेलीं सफरचंदाचीं व चेरीचीं झाडें तोडलीं. १९५३ मध्यें स्टॅलिन वारला आणि त्याच वर्षीं हा कर पुष्कळ हलका झाला. पण तोडलेलें झाड लगेच फळत नाहीं.

युद्धकाळाविषयीं फार लिहीत नाहीं. पुरुष आघाडीवर, घोडे फौजेंत; कितीएक गांवीं बायकांनीं नांगर खांद्यानें ओढले, आणि पुरुषांपैकीं पुष्कळ परत आलेच नाहींत. १९४६-४७ मध्यें पुन्हां दुष्काळ पडून दहा लाखांच्या वर माणसें गेलीं, आणि १९४८ च्या जूनमध्यें असा हुकूम निघाला कीं, ठराविक कामदिवस न भरणारास गांवसभेनें हद्दपार करावें. पुढें क्रुश्चेव्हच्या कारकीर्दींत वसुलीचे भाव वाढले. १९५८ मध्यें ट्रॅक्टर कोलखोझच्या मालकीचे झाले. म्हाताऱ्यांना पेन्शन १९६५ पासून, आणि रेघेऐवजीं खात्रीचा पगार १९६६ पासून मिळूं लागला. म्हणजे आपल्या लहानपणच्या कव्हरांवर जी हंसतमुख शेतकरीण होती, तिचें हंसें कदाचित् अगदींच खोटें नसेल.

एक गोष्ट मात्र सर्वांत शेवटीं मिळाली. १९३२ च्या डिसेंबरांत सोव्हिएट सरकारनें देशांतल्या देशांत फिरण्यासाठीं पासपोर्टाची पद्धत सुरू केली आणि कोलखोझच्या शेतकऱ्यांस त्यांतून वगळलें. शहरांत राहावयाचें, नोकरी धरावयाची, तर पासपोर्ट हवा. तो नाहीं म्हणून अध्यक्षाची चिठ्ठी हवी. आणि चिठ्ठी देणें अध्यक्षाच्या मर्जीवर. मुलगे सैन्यांत गेले कीं तिकडूनच शहरांत राहण्याची खटपट करीत. मुली शिक्षणाच्या किंवा लग्नाच्या निमित्तानें निघत. मागें राहात त्या आया. सर्व शेतकऱ्यांस पासपोर्ट देण्याचा ठराव १९७४ च्या ऑगस्टमध्यें झाला, वाटप १९७६ पासून सुरू झालें, आणि तें पुरें होण्यास १९८१ उजाडलें. १९३३ च्या हिवाळ्यांत जी मुलगी दहा वर्षांची होती आणि वांचली, तिच्या हातीं तो कागद पडला तेव्हां तिची पन्नाशी उलटून गेली होती.